ज्या कॅमेऱ्याला कुंकू दिसत नव्हतं

देवळाच्या दारावर कोरलेली मूर्ती कुणी पाहायची असते? गाभाऱ्यातल्या देवाला ती दिसत नाही, त्याच्याकडे तिची पाठ असते. पुजारी तिच्याखालून दिवसातून अनेकदा ये-जा करतो आणि फार क्वचित मान वर करतो. ती असते बाहेरून येणाऱ्यासाठी. उत्तरंगाच्या मध्यावर बसलेली ती मूर्ती, म्हणजे ललाटबिंब, येणाऱ्याच्या डोक्याच्या थोडी वर, आत पाऊल टाकण्याच्या नेमक्या क्षणी समोर येते. त्या क्षणाआधी ती लांब असते आणि नंतर मागे पडते. दाराच्या चौकटीवरचं सगळं कोरीव काम या एका पावलाचा हिशोब ठेवून केलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की, एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या छायाचित्रांनी हे पाऊलच चित्रातून काढून टाकलं. तेव्हापासून आपण दारं पुरावा म्हणून वाचायला शिकलो, आणि आमच्या सीमाभागाला तर ती सवय फार महाग पडली आहे.

उदाहरण घरचंच घेतो. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. तिच्या दानाचा लेख शके ११२७ चा, म्हणजे इसवी सन १२०४ च्या अखेरचा आहे. लेखात तिला रट्ट जिनालय म्हटलं असून तिची व्यवस्था शुभचंद्र भट्टारकांकडे सोपवली आहे. आत नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. मंडपाच्या छतातून खाली झुकलेल्या दगडी कमळामुळे तिला आजचं नाव मिळालं. त्या कमळाच्या बहात्तर पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी चोवीस तीर्थंकर. पाहुणे येतात, मान मागे टाकून कमळ पाहतात आणि निघून जातात. मंडपातून आत नेणारं दार मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, आणि मला त्याच दाराबद्दल बोलायचं आहे.

उत्तरंगाच्या मध्यावर तीर्थंकर बसलेले आहेत. त्यांच्या वर, छज्ज्याच्या वरच्या अंगाला, ठेंगण्या मनुष्याकृती आहेत. दोन्ही बाजूंना बारीक अर्धस्तंभ आहेत आणि त्यांच्यावर माणसांचे समूह कोरलेले आहेत. त्यांतल्या काही आकृती जेमतेम बोटाच्या एका पेराएवढ्या, तरीही दगडातून चांगल्या उठून बाहेर आलेल्या. आतल्या बाजूने उसळी घेणाऱ्या सिंहांची पट्टी जाते. बाहेरच्या बाजूला हंसांची एक पट्टी, पुन्हा सिंहांची, आणि सर्वांत बाहेर पुन्हा माणसं. ही बाहेरची माणसं बहुतेक गुडघे टेकून बसलेली आहेत.

आता हे चालत जाणाऱ्याच्या बाजूने वाचा. सर्वांत आधी भेटतात ती आपल्यासारखीच माणसं, आणि ती वाकलेली आहेत. म्हणजे आपण काय करायचं ते दगडानेच करून दाखवलं आहे. मग सिंह, आपल्यात उसळणाऱ्या बळाचे. मग हंस, दूध आणि पाणी वेगळं करण्याचा विवेक या पक्ष्याकडे आपल्या परंपरेने फार पूर्वीच सोपवला आहे. पुन्हा माणसं, या खेपेला इतकी लहान की जवळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत. अगदी आत, उघड्या पोकळीच्या काठावर, पुन्हा सिंह. आणि या सगळ्यांच्या वर एकच स्थिर आकृती, जिला कुठेही जायचं नाही. कुणी म्हणेल, हा अर्थ तुम्ही आता बसवता आहात, शिल्पशास्त्रात या साऱ्या द्वारशाखा आहेत आणि त्यांची नावं नि क्रम ठरलेले आहेत. ते खरंच आहे. शाखांचे क्रम शास्त्राने ठरवले म्हणूनच त्यांना अर्थ आहे. एखाद्या शिल्पकाराची ती लहर नव्हती. बाहेरून आत जाताना माणसाने टप्प्याटप्प्याने बदलावं अशी ती योजना होती. बोटाच्या पेराएवढी माणसं लांबून पाहण्यासाठी कुणी कोरत नाही.

उंबरठ्याबद्दलची ही जाण केवळ जैनांची नाही. खानापूर तालुक्यातल्या हलशीला गोव्याच्या कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंह मंदिर आहे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारलं ते घरात नाही, बाहेरही नाही, उंबऱ्यावर. आमच्याकडची नवी सून माप ओलांडते तेही उंबऱ्यावरच. निपाणीजवळ स्तवनिधीला ब्रह्मदेवाच्या दर्शनाला दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून शेतकरी जैन कुटुंबं येतात. त्यांतल्या आज्याही आत शिरण्याआधी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात. मराठी बोलणाऱ्या तसं करतात, कानडी बोलणाऱ्याही तसंच करतात.

बीचिराजाची बस्ती उभी राहत होती त्याच काळात फ्रान्समध्ये शार्त्रचं कॅथीड्रल पुन्हा बांधलं जात होतं. ११९४ च्या आगीत जुनी इमारत बरीचशी जळाली. पश्चिमेची जुनी दारं मात्र वाचली, आणि उत्तर-दक्षिणेच्या नव्या दारांचं काम तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत चाललं. पश्चिमेच्या मधल्या दारावर, कमानीच्या पोटात, सिंहासनावर ख्रिस्त बसला आहे. भोवती मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड हे चार जीव, म्हणजे चार शुभवर्तमानकारांची चिन्हं आहेत. खाली दोन्ही बाजूंच्या खांबांवर जुन्या करारातले राजे आणि राण्या उभ्या आहेत, उंच नि निश्चल. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःलाच दार म्हणवतो. त्यामुळे कॅथीड्रलचं दार ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने आत जायची वाट असतं आणि ज्याच्याकडे जायचं तोही असतं. शार्त्रच्या सुतारा-पाथरवटांना बेळगावची खबर नव्हती, बेळगावकरांना शार्त्रची नव्हती. देवाची कल्पना दोन्हीकडे अगदी वेगळी. एकीकडे जगाचा न्याय करायला येणारा प्रभू, तर दुसरीकडे जगाचा न्याय न करणारा, जगापासून सुटलेला जिन. तरीही दोन्हीकडे मांडणी तीच: मधोमध वर एक स्थिर आकृती, दोन्ही अंगांना माणसं आणि पशू, आणि खाली मोकळी जागा. ती मोकळी जागा येणाऱ्याची.

या दोन्ही जगांत कॅमेरा जवळपास एकाच पिढीत पोचला. फ्रान्सच्या सरकारने १८५१ मध्ये पाच छायाचित्रकार देशभर पाठवून जुन्या इमारतींची नोंद करायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या आंरी ल सेकने १८५२ मध्ये शार्त्रची दारं टिपली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत छायाचित्रणाचा धंदाच थाटला. हा शोध आपल्याकडे साहेबांच्याच हाती राहिला नाही, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. पण दक्षिणेतल्या देवळांसमोर तिपाई रोवण्याचं काम सरकारने नेमलेल्या लोकांनी केलं. १८५५ मध्ये तोफखान्याचे कॅप्टन बिग्ज यांनी ते सुरू केलं आणि त्यांच्यामागून डॉक्टर पिगू आले. १८७४ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम पार पाडला, तो बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत. छायाचित्रं आणि शिळाछापाची चित्रं असलेला त्याचा अहवाल त्याच वर्षी लंडनहून निघाला. पश्चिम भारताच्या देवळांचा सरकारी पद्धतशीर अभ्यास आमच्या जिल्ह्यापासून सुरू झाला, ही गोष्ट बेळगावच्या किती शाळांत सांगितली जाते?

त्या काळी छायाचित्र घ्यायची रीत म्हणजे ओल्या कलोडियनची. काचेवर चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत जवळच्या तंबूत धुऊन काढायची. या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा आणि जांभळा प्रकाश तिला चटकन जाणवे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ जाणवतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत आभाळ कोरं पांढरं येतं. जर्मनीत फोगेल यांनी १८७३ मध्ये काचेला इतर रंग कसे जाणवून द्यायचे ते शोधलं, पण ते वापरात यायला पुढे बरीच वर्षं गेली.

याचा अर्थ देवळाच्या दारापुरता लावून पाहा. कुंकू तांबडं, हळद पिवळी, शेंदूर नारिंगी, झेंडूचं तोरण पिवळं-केशरी. पूजेत असलेल्या दारावर माणसाच्या हाताने रोज लागणारा प्रत्येक रंग नेमका तो, जो या काचेला दिसत नव्हता. छायाचित्रात तो काळपट डाग होऊन येई. दगडाची नक्षी स्वच्छ उतरायची आणि भक्तीची खूण मळासारखी दिसायची. पुढे पुरातत्त्व खात्यांनी दारांवरचे तेलाचे, शेंदराचे नि चुन्याचे थर धुऊन काढायचा सपाटा लावला. त्यामागे दगड जपण्याची खरी कळकळ होती. पण जुन्या छायाचित्रांनी तयार केलेली नजरही होती असं मला वाटतं. शिल्प खरं आणि त्याच्यावरचं कुंकू म्हणजे घाण, ही समजूत काही अंशी रसायनातून आली आहे. ज्यांनी ती चित्रं पाहून शुद्ध देवळाची कल्पना केली, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की काचेलाच लाल रंग दिसत नाही.

दुसरी गोष्ट काळोखाची. चौकटीवर ऊन आहे आणि गाभाऱ्यात अंधार, तर काच फक्त चौकट घेते. आतला भाग काळा ठिक्कर येतो. डोळ्याचं तसं नसतं. उंबऱ्यावर क्षणभर थांबलं की डोळे अंधाराला सरावतात, समई दिसते, मग मूर्तीच्या खांद्याची कड दिसते. हे हळूहळू दिसणं दर्शनाचाच भाग आहे. छायाचित्राने दाराच्या दोन बाजूंमधला हा कालावधी पुसला. उरली एक नक्षीदार चौकट आणि तिच्या आत काळा आयत. कुठेही न नेणारं दार. कधी चौकटीशेजारी एखाद्या माणसाला उभं केलेलं दिसतं. त्याचं नाव नसतं, तो आत जात नसतो. दाराची उंची कळावी म्हणून तो तिथे असतो. बोटाच्या पेराएवढ्या वाकलेल्या माणसांच्या शेजारी मोजपट्टी झालेला एक जिवंत माणूस, हे त्या छायाचित्रांतलं सर्वांत बोलकं चिन्ह आहे. ते कोणत्याही शिल्पकाराने कोरलेलं नाही.

या छायाचित्रांवर माझा राग नाही, कृतज्ञताच जास्त आहे. १८१८ पासून किल्ला इंग्रज फौजेच्या ताब्यात होता, आजही त्याचा बराच भाग लष्कराकडे आहे. कमल बस्तीच्या शेजारची चिक्की बस्ती आज भग्न आहे. तिच्या दर्शनी भागावरच्या नर्तकींची झीज किती झाली हे कळायला जुनी छायाचित्रं आणि मापं हाच आधार आहे. साफा मशिदीत जुन्या देवळांचे कोरीव खांब आहेत, तेही अशाच पाहण्यांमुळे अभ्यासात आले. आणखी एक आक्षेप तर मला स्वतःलाच गप्प करणारा वाटतो. दारातून जाणाऱ्या पावलाची मी एवढी थोरवी गातो, पण ते पाऊल कुणाला टाकू दिलं जात होतं? पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, ती बाहेरच्या बाजूला. ज्याला उंबऱ्यापाशी येऊ दिलं नाही, त्याला ललाटबिंब प्रथम दिसलं असेल ते छापील चित्रातच. त्याच्यासाठी छायाचित्राने काही हिरावून नेलं नाही. उलट दिलंच.

म्हणून दाराच्या अर्थाची गोष्ट बाराव्या-तेराव्या शतकात संपत नाही. १९२५ मध्ये निपाणीला मुंबई इलाख्याची बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. पाच वर्षांनी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह उभा राहिला. निपाणीजवळच्याच भोज गावचे आचार्य शांतिसागर, ज्यांनी विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी केली, त्यांच्या उत्तरायुष्यात हाच प्रश्न जैन मंदिरांच्या दारात आला. मुंबई सरकारच्या १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने हिंदूंच्या व्याख्येत जैनांनाही धरलं. जैन धर्म स्वतंत्र आहे, त्याच्या मंदिरांना हा कायदा लागू नये, या आग्रहासाठी आचार्यांनी अन्नधान्य सोडलं. १९५१ मध्ये अकलूजच्या जैन मंदिराच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाजूने निकाल दिला आणि मगच त्यांनी धान्य घेतलं.

आचार्यांच्या तपाबद्दल मला आदर आहे, धर्माचं वेगळेपण जपण्याची त्यांची तळमळही कळते. तरीही कमल बस्तीच्या दाराकडे पाहताना माझं मन त्या निकालापाशी थांबत नाही. बाहेरच्या पट्टीवर गुडघे टेकलेली जी माणसं आहेत, त्यांच्या जाती कोरलेल्या नाहीत. त्यांच्या अंगावर एकच खूण आहे, ती म्हणजे वाकण्याची. तीर्थंकरांच्या समवसरणात, म्हणजे उपदेशसभेत, पशुपक्ष्यांनाही जागा असते असं जैन परंपराच सांगते, आणि या चौकटीवरचे सिंह आणि हंस मला त्याची आठवण देतात. बीचिराजाच्या काळात या दारातून कोण गेलं आणि कोण अडवलं गेलं, ही सामाजिक इतिहासाची बाब झाली. दगडाने सांगितलेली अट वाकण्याची, एवढीच आहे. दाराची चिन्हं आणि दारावरचा पहारा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या दोन्ही दिसल्या तरच दार पुरतं दिसलं. रिकाम्या दाराच्या छायाचित्रात चिन्हं दिसतात, पहारा दिसत नाही.

आता सीमेचं. मी लहानपणापासून ऐकत आलो आहे: हे देऊळ कुणाचं? उत्तर देणाराही तयार असतो. शिलालेख कानडी, म्हणून कानडी. मग दुसरा यादवांचं राज्य काढतो, तिसरा शिवाजी महाराजांपाशी येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून, महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावरून, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या दाव्यापर्यंत हा वाद चालू आहे. मी मराठी माणूस आहे. माझ्या भाषेला इथे शाळेत, कचेरीत, पाटीवर मान मिळावा हे मला मनापासून हवं आहे, आणि ही मागणी आजच्या जिवंत माणसांच्या बळावर उभी आहे. तिला रट्टांच्या काळच्या दाराची साक्ष लागत नाही. कमल बस्तीचे दानलेख कानडी भाषेत आहेत, हे स्वच्छ कबूल करायला मराठी माणसाला काही जड जाऊ नये. आणि त्या लेखांमुळे आज इथे राहणाऱ्या मराठी माणसाचा हक्क कमी होतो, असं कानडी माणसानेही म्हणू नये.

दाराला पुरावा करण्याची ही सवय त्या जुन्या छायाचित्रांच्या मांडणीतून आली आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. पाहणीच्या अहवालात दार आलं ते राजवंश, शैली, काळ अशा रकान्यांत बसून. साहेबाला सर्व देश मांडून ठेवायचा होता, त्याचं ते काम होतं. आपण त्याचे रकाने उचलले आणि त्यांत राज्यांची नावं भरली. ललाटबिंबाची गंमत अशी की, देवाच्या बाबतीतसुद्धा ते नेहमी नावाची पाटी नसतं. कर्नाटकातल्या कितीतरी देवळांच्या उत्तरंगावर गजलक्ष्मी बसलेली असते, आत देव कुणी का असेना. ती मालक सांगत नाही, ती येणाऱ्याचं मंगल चिंतते. जी मूर्ती आतल्या देवाचा मालकीहक्कसुद्धा सांगत नाही, तिच्याकडून आपण जिल्ह्याचा सातबारा मागतो आहोत.

आणि ज्या शिळांवर बीचिराजाचं, कार्तवीर्याचं, शुभचंद्रांचं नाव आहे, त्या दोन्ही शिळा आज बेळगावात नाहीत. त्या लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बार्नेट यांनी त्यांचं वाचन एपिग्राफिया इंडिकाच्या तेराव्या खंडात छापलं. लेख गेला, छायाचित्रही गेलं, दार इथे राहिलं. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांची सरकारं एकमेकांच्या बसगाड्यांना काळं फासलं गेल्यावर जेवढी पत्रं लिहितात, त्यांतलं एक तरी पत्र मिळून लंडनला जायला हरकत नव्हती. शिळा परत येतील न येतील, त्यांचे ठसे तरी आणता येतील.

माझी मागणी याहून साधी आहे. १८७४ च्या अहवालातली बेळगावची छायाचित्रं आणि त्या दोन शिळांचे ठसे किल्ल्यातच, बस्तीजवळ, लावावेत. शेजारी दाराच्या प्रत्येक पट्टीवर काय आहे ते कानडीत आणि मराठीत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत, लिहावं. आणि त्या दाराचं नवं छायाचित्र घ्यावं. ते रंगीत असावं, पूजेच्या वेळचं असावं, आतली समई दिसेल इतका वेळ भिंग उघडं ठेवून घेतलेलं असावं, आणि दारात आत जाणारी माणसं असावीत. बेळगाव आणि निपाणीच्या कॉलेजांत फोटोग्राफी शिकणारी मुलं हे एका हंगामात करू शकतील. परवानगी पुरातत्त्व खात्याची आणि बस्तीच्या विश्वस्तांची लागेल, लष्कराचीही लागू शकेल. तिघांकडे एकच अर्ज न्यावा, दोन्ही भाषांत.